मीटर केबिन पेटली आणि जिना धुराने भरला, तर

जुन्या सोसायट्यांमध्ये मीटर केबिन बहुधा तळमजल्यावर, जिन्याला लागूनच असते. एखादं कनेक्शन सैल होतं, तापत राहतं आणि शेवटी वायरवरचं पीव्हीसी पेट घेतं. त्याचा धूर काळाकुट्ट, घशाला झोंबणारा असतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन क्लोराइडही असतो. गरम धूर वर चढतो आणि वर जायला त्याला जिन्याइतकी मोकळी वाट दुसरी नाही. म्हणून आग तळमजल्यावर असते आणि गुदमरतात ती वरच्या मजल्यांवरची माणसं.

आरडाओरडा ऐकून आपण दार उघडतो आणि जिना उतरायला लागतो, घात होतो तो इथेच. आधी हाताची मागची बाजू दाराला आणि कडीला लावून पाहा. गरम लागलं तर दार उघडूच नका. गार असेल तर किंचित उघडून पाहा. जिना स्वच्छ दिसत असेल तर लगेच उतरा, दार मागे ओढून घ्या आणि किल्ली बरोबर असू द्या, कारण खाली धूर लागला तर परत फिरावं लागेल. 'एवढाच तर धूर आहे, पळत जाऊ' हा हिशेब जिवावर बेततो. प्रत्येक मजला उतरताना धूर दाट होत जातो आणि तोंडावरचा ओला रुमाल कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. लिफ्ट तर नकोच. वीज गेली की ती मध्येच अडकते.

जिन्यात धूर असेल आणि आग आपल्या घरात नसेल, तर बंद दाराआड थांबणं जास्त सुरक्षित. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल घट्ट कोंबा, फटी चिकटपट्टीने बुजवा. रस्त्याकडे खिडकी असलेल्या खोलीत सगळे जमा व्हा, त्या खोलीचंही दार लावा. १०१ला फोन करून विंग, मजला, फ्लॅट नंबर आणि किती माणसं आहेत ते सांगा. खिडकीतून भडक रंगाची चादर हलवत राहा. बाथरूममध्ये मात्र लपू नका: तिथे बाहेरून कुणाला दिसत नाही आणि डक्टमधून धूर आत येऊ शकतो. डिसेंबर २०१७मध्ये लोअर परळच्या कमला मिलमधल्या आगीत १४ जण गेले, त्यांतले बरेच शौचालयात आसऱ्याला गेले होते.

खाली असणाऱ्यांनी मीटरवर पाणी मारू नये, वीज तोडल्याची खात्री होईपर्यंत तर मुळीच नाही. तिथे एबीसी पावडरचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा आग विझवायचा सिलिंडर लागतो आणि तोही आग लहान असेल तेव्हाच. सहा किलोचा सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामा होतो. पाठीमागे बाहेर पडायची वाट मोकळी ठेवूनच उभं राहा.

सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये मांडायच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. केबिनसमोरच्या स्कूटर, रद्दी आणि जुनं फर्निचर हलवा. पेट्रोलची टाकी मीटरखाली उभी करणं मला अक्षम्य वाटतं. वरच्या मजल्यांकडे जाणाऱ्या केबल डक्टला प्रत्येक स्लॅबपाशी आगरोधक मालाने बुजवून घ्या. खिडकीच्या लोखंडी ग्रिलला आतून उघडणारी झडप हवी. तिला कुलूप असेल तर किल्ली त्याच खिडकीजवळ टांगा. आणि महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली येणाऱ्या इमारतींना दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. सेक्रेटरींकडे तो मागा आणि तारीख वाचा.