कुऱ्हाडे सापडत नाहीत

एका दूध संघाच्या सभासद-नोंदणीचं सॉफ्टवेअर आमच्या टीमकडे देखभालीला आहे. गेल्या पावसाळ्यात एके सकाळी संघाच्या ऑफिसातून ऑपरेटर भाऊंचा फोन आला. बँक खातं बदलायला आलेल्या एका बाई काउंटरवर बसल्या होत्या, आडनाव कुऱ्हाडे. नावानं शोधलं तर 'नोंद नाही'. बाई म्हणत होत्या, मी कित्येक वर्षांची सभासद आहे. शेवटी मुलानं घरून पासबुकाचा फोटो पाठवला, सभासद क्रमांक टाकला, आणि नाव समोर आलं.

"साहेब, बाई ठाम होत्या म्हणून, नाहीतर आम्ही नवीनच नोंद केली असती," भाऊ म्हणाले. हे वाक्य मी तिथल्या तिथे वहीत उतरवलं.

या तक्रारीचं तिकीट टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीनं घेतलं. जेवणाच्या आधीच तिचा पीआर, म्हणजे तपासून घ्यायला पाठवलेला कोडमधला बदल, माझ्याकडे रिव्ह्यूला आला. डेटाबेसमधल्या नावात एक न दिसणारं अक्षर आहे, हे तिनं शोधून काढलं होतं: झिरो विड्थ जॉइनर, शेजारची अक्षरं कशी जोडून दिसावीत हे सांगणारं. प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात त्याचा क्रमांक २००डी. हे नुसतं डोळ्यांनी सापडणारं नव्हे. तिनं एकेक अक्षर छापून पाहिलं होतं. दुरुस्ती छोटी होती. शोधताना शोधायचा शब्द आणि नोंदीतलं नाव, दोन्हींतली अदृश्य अक्षरं गाळायची. टेस्टही लिहिली होती: तेच नाव एकदा जॉइनरसह, एकदा जॉइनर काढून. सगळं हिरवं, म्हणजे पास.

स्क्रीनवर कॉमेंट लिहिण्याऐवजी मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो. १९७६ मध्ये आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी कोड-तपासणीची रीतसर पद्धत मांडली, त्यात माणसं एकत्र बसून कोड वाचत. हल्ली आपण आपापल्या वेळेनं कॉमेंट टाकतो, ते सोयीचंही आहे. पण 'हे असं का झालं' हा प्रश्न मला अजूनही शेजारी बसूनच विचारावासा वाटतो. लिहिला की तो उलटतपासणीसारखा वाचला जातो.

"हे अक्षर तिथे आलं कुठून असेल?"

"कॉपी-पेस्टमधून आलं असेल, दादा. कचराच आहे तो."

"काढल्यावर नाव कसं दिसतं, दाखव बरं."

तिनं पायथन उघडलं, जॉइनर काढला, नाव छापलं. कुर्हाडे. 'ह'च्या डोक्यावर रफार. ती स्क्रीनकडे बघतच राहिली.

"आता भाऊंना विचार, 'ऱ्ह' काढायला ते काय दाबतात."

तिनं फोन लावला. भाऊ इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक वापरतात. शिफ्ट धरून 'जे'. म्हणजे त्यांच्याकडून येतो तो खालच्या टिंबाचा ऱ, क्रमांक ०९३१. जॉइनर गाळूनही त्याची गाठ साध्या र शी कधीच पडली नसती. टेस्ट हिरवी, आणि बाई तरीही सापडल्या नसत्या.

मग आम्ही तेच आडनाव तीन तऱ्हांनी छापलं. पहिलं ऱ, हलन्त, ह. दुसरं साधा र, हलन्त, जॉइनर, ह. तिसरं साधा र, त्याला वेगळा नुक्ता (खालचं टिंब), मग हलन्त आणि ह. पडद्यावर तिन्ही हुबेहूब कुऱ्हाडे. लांबी विचारली तर ८, ९, ९. जॉइनरची रीत युनिकोडच्या २.० आवृत्तीतली, जुना मजकूर मोडू नये म्हणून ती पुढेही चालू ठेवली गेली. संघाच्या जुन्या याद्या युनिकोडपूर्व फॉन्टांतल्या होत्या, आणि त्या रूपांतरित करणाऱ्या स्क्रिप्टनं नेमकी हीच रीत वापरली होती. तो कचरा नव्हताच. त्या जॉइनरमुळेच जुन्या नोंदींतलं आडनाव पासबुकावर बरोबर छापलं जात होतं.

"मग एनएफसीनं नॉर्मलाइझ करू या," ती म्हणाली. एनएफसी म्हणजे समतुल्य अक्षररूपं एकाच ठरलेल्या रूपात आणायची युनिकोडची रीत. करून पाहिलं. नुक्त्याचं रूप नीट ०९३१ झालं. जॉइनरचं रूप जसंच्या तसं राहिलं. युनिकोडच्या हिशेबात ती दोन समतुल्य नाहीत. म्हणजे र, हलन्त, जॉइनर दिसले की ऱ, हलन्त करायचे, हा नियम आपल्यालाच लिहावा लागणार.

आता खरी चर्चा सुरू झाली, आणि ती बरीच वेळ चालली. तिचं म्हणणं, बदल फक्त शोधाच्या क्वेरीत करावा, प्रॉडक्शनमधल्या, म्हणजे संघाच्या चालू डेटातल्या नावांना हात लावू नये. माझं म्हणणं, नाव आत येतं त्या दारातच हे व्हायला हवं. नाहीतर दुबार नोंदीची तपासणी, गावनिहाय यादी, दूध बिलाचे अहवाल, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी हाच बग नव्यानं सोडवत बसणार. तिचा मुद्दाही मला सोडून देता येईना. माणसाचं नाव त्यानं दिलं तसंच राहिलं पाहिजे, आणि रूपांतर चुकलं तर मागे येता आलं पाहिजे. तोडगा तिनंच सुचवला: मूळ नाव अबाधित, शेजारी शोधासाठी वेगळा कॉलम, आणि तो भरणारं एकच फंक्शन. शोधायचा शब्दही त्याच फंक्शनमधून जाणार.

टेस्ट आधी लिहिल्या. तीन रूपांचा शोध-शब्द एकच यायला हवा, आणि 'अर्हता' या शब्दातला रफार मात्र हलता कामा नये. त्या फाइलमध्ये आम्ही नावं अक्षरांत न लिहिता युनिकोड क्रमांकांत लिहिली. एडिटरमध्ये तिन्ही ओळी सारख्याच दिसतात. पुढे कुणीतरी 'एकच टेस्ट तीनदा आलीय' म्हणून दोन पुसून टाकणार, तेही चांगल्या हेतूनं. जुन्या टेस्टमधली नावं पाहिली, तर सगळीकडे पाटील, जाधव, मोरे. ऱ असलेलं एकही नाव नव्हतं.

संध्याकाळी नवा कॉलम डेटाच्या प्रतीवर भरला, आणि वहीतलं वाक्य खरं ठरलं. एकाच गावात, वडिलांच्या नावासकट तंतोतंत जुळणाऱ्या नोंदींच्या जोड्या निघाल्या. एक जुनी, जॉइनरची, एक नंतरची, ०९३१ची. नाव सापडलं नाही म्हणून काउंटरवर नवीन सभासद केले गेले होते. शेअर्स एका क्रमांकावर, दूध दुसऱ्यावर. ठाम न राहिलेली माणसं ही.

ती लगेच जोड्या एकत्र करणारी स्क्रिप्ट लिहायला बसली. इथे मात्र मी तिला थांबवलं. नावं एक आहेत एवढंच आपल्याला कळतं, माणूस एक आहे हे कळत नाही. शेअर्सचे पैसे ज्याचे, त्याच्याच नावावर राहायला हवेत, आणि ते ठरवायचा अधिकार संघाचा. सभासद क्रमांक, गाव आणि बँक खात्यासह आम्ही यादी भाऊंकडे पाठवली. पहिल्याच पानावरच्या दोन जोड्यांवर त्यांनी फुली मारून परत पाठवली: नाव तेच, वडिलांचं नाव तेच, माणसं वेगळी. उरलेल्या जोड्यांवर त्यांनी गावोगावच्या संकलन केंद्रांत विचारून खुणा केल्या.

पुढच्या आठवड्यात तिचा आणखी एक पीआर आला, कुणी न सांगता. 'ॲ'चीही दोन रूपं तिला सापडली होती: २००८ च्या ५.१ आवृत्तीत आलेलं स्वतंत्र अक्षर ०९७२, आणि अ वर चंद्र देऊन केलेलं जुनं रूप. एनएफसी यांनाही एक करत नाही. पहिल्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) नुसत्या नापास होणाऱ्या टेस्ट होत्या, दुरुस्ती दुसऱ्यात. आणि वर्णनात एक ओळ: भाऊ 'ॲ' कसा टाइप करतात, ते फोन करून विचारलं आहे.