पॅच-वाचन, नोंद ७ : डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या तेरा जोड्या

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या माझ्या छोट्या प्रोग्रामसाठी एका मित्राने पॅच (कोडमधल्या कुठल्या ओळी काढायच्या आणि कुठल्या घालायच्या ते सांगणारी फाइल) पाठवलाय. हा पूर्ण महिना तो एकच पॅच वाचण्यात गेला. वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम आहे.

सुरुवात नेहमीसारखी. लसडिफ चालवून कुठल्या फायलींना हात लागलाय ते पाहिलं (सोबत लहान -एस दिलं की नवी, काढलेली आणि बदललेली फाइल अधिक, उणे आणि उद्गारचिन्हाने वेगळी कळते), मग किती ओळी बदलल्या ते मोजणारं डिफस्टॅट. पाच फायली, ४१२ ओळी आल्या, ४०९ गेल्या. पॅचवरचा संदेश एवढाच : 'तक्त्याची मांडणी नीट केली.' चिन्हांचा मोठा तक्ता टॅबवरून स्पेसवर आणला होता, म्हणून प्रत्येक ओळ बदललेली दिसत होती. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचं गिट अप्लाय --चेक काही न बोलता परतलं, म्हणजे पॅच बसत होता. पण पॅच बसतो याचा अर्थ तो संदेशात सांगितलंय तेवढंच करतो असा होत नाही. ते बघायचं तर पॅच वाचावाच लागतो.

चाचण्यांच्या फायलींची नावं मी देवनागरीत ठेवली आहेत. गिट ती \३४०\२४४\२३२ अशा आकड्यांत दाखवत होतं. तुमच्याकडेही असं होत असेल तर कोअर.कोटपाथ ही सेटिंग फॉल्स करा, नावं वाचता येतील. हे मला फार उशिरा कळलं.

मग पॅच वेगळ्या फांदीवर (गिटमधल्या कोडच्या स्वतंत्र प्रतीवर) घेऊन गिट शो -डब्ल्यू चालवलं. डब्ल्यू लहान हवा. तो मोकळ्या जागेतले बदल लपवतो. मोठा डब्ल्यू बदलाभोवतीचं अख्खं फंक्शन दाखवतो, तेही कामाचं आहे, पण इथे नको होतं. चारशेचा डोंगर उतरला आणि तक्त्यात फक्त तेरा जोड्या उरल्या. एक लाल (काढलेली) ओळ, खाली एक हिरवी (नवी), आणि प्रत्येक जोडीतल्या दोन्ही ओळी अक्षरशः एकसारख्या. सगळ्या ओळी र्‍य आणि र्‍ह च्या, म्हणजे दऱ्या, सुऱ्या, कुऱ्हाड यांतल्या आडव्या र च्या.

मोकळी जागा दुर्लक्षित करूनही ओळ वेगळी ठरतेय, तर तिच्यात न दिसणारं काहीतरी बदललंय हे नक्की. --वर्ड-डिफ-रेजेक्स ला नुसतं टिंब दिलं की तुलना शब्दाशब्दाची न होता अक्षरागणिक होते. देवनागरीसाठी हा पर्याय सगळ्यांनी वापरून पाहावा, कारण एरवी गिट शब्द तोडतं ते फक्त मोकळ्या जागेवर. उत्तर आलं ते असं : आधी र गेला आणि ऱ आला, मग हलन्त जसाच्या तसा, आणि त्यापुढे 'काढलं' असं सांगणारे चौकटी कंस, ज्यांच्या आत काहीच दिसत नाही. तो तुकडा फायलीतले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या हेक्सडंपला दिला तेव्हा तीन बाइट मिळाले : ई२ ८० ८डी. युनिकोडमधला २००डी, शून्य रुंदीचा जोडक.

जे या भानगडीत पडले नाहीत त्यांच्यासाठी : आडवा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक, र, हलन्त आणि हा जोडक. दोन, ऱ (०९३१) आणि हलन्त. युनिकोडने पहिला प्रकार २.० आवृत्तीशी जुळवून घेण्यासाठी ठेवलाय. पडद्यावर दोन्ही सारखे, फायलीत वेगळे, म्हणून एका प्रकारे लिहिलेला 'दऱ्या' शोधला तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेला सापडत नाही. आणि मला जास्त काळजी वाटते ती याची : वाटेत एखाद्या प्रोग्रामने अदृश्य चिन्हं गाळली तर पहिल्या प्रकारातल्या दऱ्यांचा दर्या होतो. आचाऱ्यास पाठवलेला निरोप आचार्यास पोचतो. शब्द शुद्धच राहतो, त्यामुळे शुद्धलेखन तपासनीसालाही पत्ता लागत नाही.

म्हणजे मित्राचा बदल बरोबर होता, फक्त तो मांडणीच्या पॅचमध्ये दडायला नको होता. मी कळवलं, 'दोन पॅच कर, दुसऱ्याच्या संदेशात कारण लिही.' त्याने आठवड्याभरात दुसरी आवृत्ती पाठवली.

इथे कामी आलं दोन आवृत्त्या ताडून दाखवणारं गिट रेंज-डिफ. गिट २.१९ मध्ये, म्हणजे २०१८ साली, हे आलं. मूळ फांदी, पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती, अशी तीन नावं द्यायची. ते दोन्हीकडच्या पॅचच्या जोड्या लावतं : तसाच असेल तर बरोबरचं चिन्ह (=), बदलला असेल तर उद्गारचिन्ह, नवा असेल तर डावीकडे नुसत्या रेघा. संदेशातले फेरफारही दाखवतं, आणि मला ते कोडइतकेच महत्त्वाचे वाटतात. वाचायला मात्र सवय लागते, कारण हा पॅचमधल्या फरकाचा फरक आहे : पहिला रकाना दोन आवृत्त्यांमधला, दुसरा त्या पॅचच्या आतला. दोन संध्याकाळी मी फक्त चिन्हांच्या जोड्या वहीत लिहून अर्थ लावत बसले होते. पॅच फांदीवर न बसवता फक्त दोन फायली ताडून बघायच्या असतील तर पॅचयुटिल्समधलं इंटरडिफही चालतं, पण त्यात संदेश दिसत नाहीत.

सगळं नीट वाटत होतं. तरी दुसरी आवृत्ती लावल्यावर जोडक कुठे उरलाय का हे गिट ग्रेपने शोधलं. आज्ञा चालवणाऱ्या बॅशमध्ये डॉलर चिन्ह आणि एकेरी अवतरणात बॅकस्लॅश यू २००डी लिहिलं की ते अदृश्य अक्षर तयार मिळतं. एक ओळ निघाली, ऱ्हास मधल्या ऱ्हा ची. जोड्या तेरा होत्या, हव्या होत्या चौदा. पॅच कितीही नीट वाचला तरी हे दिसलं नसतं, कारण जी ओळ बदललीच नाही ती पॅचमध्ये येत नाही. तेच अक्षर गिट लॉग -एस ला (इथे एस मोठा हवा) दिलं तर ते कुठल्या कमिटने, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाने, आणलं तेही कळतं. माझंच, २०१९ चं.

काल रात्री तिसरी आवृत्ती आली. रेंज-डिफमध्ये पहिल्या पॅचला बरोबरचं चिन्ह, दुसऱ्याला उद्गारचिन्ह, आणि त्याखाली दोनच कामाच्या ओळी : एक अधिक-उणे, एक अधिक-अधिक. ऱ्हा ची चौदावी जोडी. गिट ग्रेप पुन्हा चालवलं, काही सापडलं नाही. गिट एएमने दोन्ही पॅच मुख्य फांदीवर घेतले.

आता राहिल्यात त्या २०१९ पासून या प्रोग्रामने बदलून दिलेल्या फायली. त्यांत तो जोडक अजून आहे.