ती पोरं पुढं कुठं गेली?

कोल्हापुरात फुटबॉलवर चार ओळी लिहिणाऱ्याला दोन प्रश्न चुकत नाहीत. पहिला, गावातल्या दोन तालमींच्या संघांचा: यंदा पाटाकडील की शिवाजी? त्याचं उत्तर मी देत नाही, मला याच गावात राहायचंय. दुसरा, २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला आपल्या अनिकेत जाधवबरोबर जी पोरं खेळली, ती पुढं कुठं गेली? विचारणाऱ्यानं बहुतेक वेळा उत्तरही ठरवलेलं असतं: वाया गेली. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, वाया गेली नाहीत. पण त्यांना जिथं पोचायचं होतं तिथं सगळी पोचलीही नाहीत, आणि त्याचं कारण त्या वर्ल्ड कपात शोधून सापडणार नाही.

निकाल तुम्हाला माहीत असतीलच. यजमान म्हणून थेट प्रवेश, तिन्ही सामने दिल्लीत. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. घानासमोर आपण ताकदीतच कमी पडलो, त्यावर बोलण्यासारखं काही नाही. कोलंबियाचा सामना मात्र मी अजून विसरलेलो नाही. पहिल्या हाफमध्ये राहुल के. पी.चा फटका खांबाला लागला. ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनचा कॉर्नर आला आणि मणिपूरच्या जॅक्सन सिंगनं उंच उडी घेऊन हेडर मारला. १-१. फिफाच्या वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल! स्टेडियम अजून नाचत होतं, तेवढ्यात कोलंबियानं मध्यावरून खेळ सुरू केला आणि पुढच्याच मिनिटाला पेन्यालोसानं दुसरा गोल मारला. आनंद ओसरायच्या आत सामना गेला. त्या एका मिनिटात जे कमी पडलं ते कौशल्य नव्हतं. अटीतटीचे सामने खेळून खेळून जी सवय अंगात मुरते, ती नव्हती.

खरी चुटपुट लावली ती पुढच्या वर्षीच्या संघानं, आणि त्याबद्दल मला कुणी विचारत नाही. २०१८, मलेशिया, सोळा वर्षांखालची आशियाई स्पर्धा. प्रशिक्षक गोव्याचे बिबियानो फर्नांडिस. व्हिएतनामवर १-० विजय, इराण आणि इंडोनेशियाशी ०-० बरोबरी. गटात एकही गोल खाल्ला नाही. (वय चोरलं असेल, असं म्हणणाऱ्यांसाठी: या वयोगटात मनगटाचा एमआरआय काढतात. आपल्याकडच्या चौदा वर्षांखालच्या स्पर्धांत मिशी पिळत येणारे तिथं चालत नाहीत.) उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरिया. जिंकलो असतो तर पुढच्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपचं तिकीट, तेही यजमान म्हणून नव्हे, मैदानावर मिळवलेलं. गोलकीपर नीरज कुमारनं बराच वेळ किल्ला लढवला. दुसऱ्या हाफमध्ये त्यानं अडवलेला एक फटका परत आत आला आणि जोंग सांग-बिननं तो जाळ्यात ढकलला. ०-१. संपलं.

आता या जोंगचंच पाहा. २०२१ साली तो कोरियाच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये सुवॉन क्लबकडून खेळत होता. त्याच वर्षी सीनिअर संघात आला आणि श्रीलंकेविरुद्ध पदार्पणातच गोल मारला. २०२२ मध्ये इंग्लंडच्या वुल्व्ह्ज क्लबनं त्याला विकत घेतलं. आपल्या त्या संघातला विक्रम प्रताप सिंग मुंबई सिटीकडून खेळला, गुणी पोरगा आहे, पण त्याला भारताची सीनिअर जर्सी मिळाली ती २०२४ मध्ये. सोळाव्या वर्षी दोघांमध्ये एका गोलाचं अंतर होतं. पुढचं सगळं अंतर अठरा ते एकवीस या वयात पडलं.

कारण सरळ आहे: सामने. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, तेव्हा पाच परदेशी मैदानात उतरवता यायचे आणि क्लब त्यांना खर्ची घालायचे ते नेमके पुढच्या फळीत. त्यामुळं २०१७ च्या संघातून सीनिअर संघात कोण गेले ते बघा: जॅक्सन, सुरेश वांगजाम, आपुइया हे मधल्या फळीतले, अन्वर अली बचावातला. पुढच्या फळीतल्यांची वाट जास्त अवघड झाली. भारतीय फुटबॉल महासंघानं ही पोरं एकत्र ठेवून इंडियन ॲरोज हा संघ आय-लीग या देशातल्या दुसऱ्या व्यावसायिक लीगमध्ये उतरवला. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० नं हरवलं, त्यात दोन गोल अनिकेतचे. माझ्या मते आपल्या युवा फुटबॉलमधला तो सगळ्यात शहाणा निर्णय होता. खर्च जास्त म्हणून नावं ठेवली गेली आणि २०२२ मध्ये संघ बंद झाला.

त्या पोरांची धमक बघायची असेल तर ऑगस्ट २०१८ आठवा. स्पेनमधल्या कोतिफ स्पर्धेत फ्लॉइड पिंटोंच्या वीस वर्षांखालच्या संघानं दहा खेळाडूंनिशी अर्जेंटिनाला २-१ नं हरवलं. समोरच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून स्कालोनी होते, पुढं चार वर्षांनी मेस्सीबरोबर वर्ल्ड कप उचलणारे.

आणि अनिकेत? पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडलेला हा पोरगा २०१९ मध्ये ब्लॅकबर्नला सरावासाठी गेला, म्हणजे पुण्याच्या व्यंकीजच्या मालकीच्या क्लबात. मग जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा. हैदराबादनं २०२२ ची आयएसएल जिंकली तेव्हा तो त्या संघात होता. याला वाया जाणं म्हणत असाल तर आपला फुटबॉलचा हिशेबच वेगळा आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादेत सतरा वर्षांखालच्या संघानं इराणला २-१ नं हरवून आशिया कप गाठला आणि लगेच मेसेज आले: ही तरी टिकतील का? या पोरांच्या पाठीशी ॲरोज नाही. क्लबांच्या डेव्हलपमेंट लीग आहेत, पण सामने मोजकेच. यांतला कोण अठराव्या वर्षी मोठ्या माणसांविरुद्ध दर आठवड्याला नव्वद मिनिटं खेळतोय, तेवढंच मी बघणार आहे.