सड्यावरच्या पेटीसाठी चार्जर आयसी: टीपी४०५६ बाद, बीक्यू२४०७४ आत

मोहोर धरायच्या आत पेटी सड्यावर (कोकणातल्या कातळी पठारावर) उभी करायची आहे, म्हणून ही नोंद फक्त चार्जरची, म्हणजे पेटीतला सेल भरणाऱ्या आयसीची. सेन्सर आणि लोराचं (दूरवर रेडिओ संदेश पाठवणाऱ्या यंत्रणेचं) काम मागेच आटोपलं, त्यात बदल नाही. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: देवगडजवळ कातळावरची हापूसची बाग. तिथे तापमान, आर्द्रता आणि पानांवरचा ओलावा मोजणारी एक पेटी, ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात बोलणारी. तिचं ऐकणारी दुसरी पेटी घरात. दमट, ढगाळ हवा पडली की भुरी आणि तुडतुड्यांचा अंदाज घेऊन फवारणी ठरवायची, एवढाच हेतू.

सड्यावरच्या पेटीत २६०० मिलिअँपिअर-तासांचा एक १८६५० आकाराचा लिथियम-आयन सेल आणि वर ६ व्होल्टचं छोटं पॅनेल. एटमेगा३२८ हा मायक्रोकंट्रोलर बहुतेक वेळ झोपलेला असतो. सरासरी खर्च १ मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला २४ मिलिअँपिअर-तास. पावसाळ्यात आठवडाभर सूर्य दिसला नाही तरी सेल हसत तग धरेल. म्हणजे चार्जर निवडताना सगळे जो पहिला प्रश्न विचारतात, 'किती अँपिअरचा?', त्याला इथे फारशी किंमत नाही.

किंमत आहे ती उष्णतेला. बहुतेक लिथियम-आयन सेल ० ते ४५ अंशांच्या दरम्यानच चार्ज करावेत असं उत्पादक सांगतात. मार्च ते मे कातळ तापला की बंद प्लास्टिकच्या पेटीतला पारा दुपारी ४५ च्या पुढे सहज जातो. त्यात सेल ४.२ व्होल्टला भरून उन्हात ठेवला तर त्याची क्षमता झपाट्याने घटते. तेव्हा मला हवा होता सेलचं तापमान बघून थांबणारा आयसी. बाकी सगळं नंतर.

टीपी४०५६ चं मॉड्यूल सगळ्यांच्या खणात असतं, माझ्याही आहे. आयसी वाईट नाही. १.२ किलोओहमचा रेझिस्टर लावला की १ अँपिअर, १० किलोओहमला साधारण १३० मिलिअँपिअर, ठरवलेल्या करंटच्या दहाव्या हिश्श्यावर चार्जिंग बंद. तापमानासाठी त्याला टेम्प नावाची पिनही आहे: तिच्यावरचं व्होल्टेज पुरवठ्याच्या ४५ ते ८० टक्क्यांच्या बाहेर गेलं की चार्जिंग थांबतं. पण बाजारातल्या मॉड्यूलवर ही पिन थेट ग्राउंडला जोडलेली असते, म्हणजे सोयच बंद. पाय उचलून तिथे थर्मिस्टरची (तापमानानुसार रोध बदलणाऱ्या घटकाची) जोडणी करता येते, करणारे करतातही. मात्र इनपुटची कमाल मर्यादा ८ व्होल्ट आणि माझं पॅनेल उघड्या टोकांना ७ च्या आसपास. इतकी कमी फट ठेवून पेटी वर्षभर कातळावर सोडायला माझं मन धजावत नाही.

एमसीपी७३८३१ आणि सीएन३०६५ तर याच हिशोबात गळले. दोघांचीही कामाची हद्द ६ व्होल्टपर्यंत. सीएन३०६५ खास सोलरसाठी आहे, पॅनेलची कुवत पाहून करंट स्वतः कमी करतो, पण त्याला ५ व्होल्टचं पॅनेल हवं आणि माझं आधीच घेतलेलं आहे.

सीएन३७९१ वर मी बराच अडकलो होतो. हा बक (व्होल्टेज उतरवून करंट वाढवणाऱ्या) प्रकारचा, २८ व्होल्टपर्यंत चालणारा, शिवाय एमपीपीटी, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढू बघणारा. कागदावर मोह पडावा असाच. पण त्याचं एमपीपीटी म्हणजे दोन रेझिस्टरांनी ठरवून दिलेलं एक स्थिर व्होल्टेज. ६ व्होल्टची आवृत्ती पॅनेलला ६ वर धरायला बघते. सिलिकॉनचं व्होल्टेज मात्र तापमानाबरोबर अंशामागे सुमारे ०.४ टक्के उतरतं. तापलेल्या कातळावर पॅनेल प्रयोगशाळेतल्या २५ अंशांपेक्षा ४० अंशांनी गरम झालं तर ६ चा बिंदू ५ वर येतो. मग ऐन उन्हात हा आयसी पॅनेलला नको तिथे धरून बसणार. रेझिस्टर बदलून ५ वर आणता येईल, पण ५ वरून ३.८ ला उतरवताना बकचा फायदा तो किती, आणि मला रोज २४ मिलिअँपिअर-तासच तर हवेत. १२ व्होल्टचं पॅनेल असणाऱ्यांनी मात्र हाच घ्यावा.

राहिला बीक्यू२४०७४. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा, १६ पायांचा, ३ मिलिमीटरचा चौकोन. हॉट एअरशिवाय बसत नाही, म्हणून मी तयार ब्रेकआउट बोर्ड मागवला. इनपुट २८ व्होल्टपर्यंत सहन करतो आणि साडेदहाच्या वर स्वतःच बंद होतो. पॅनेल ढगात दमलं आणि लोडला, म्हणजे पेटीतल्या बाकी सर्किटला, वीज देणाऱ्या आउट पिनचं व्होल्टेज पडू लागलं की आधी चार्जिंगचा करंट कमी करतो, लोड उपाशी ठेवत नाही.

जोडणी अशी. चार्जिंगचा करंट ठरवणाऱ्या आयसेट पिनला ३ किलोओहम: ८९० भागिले ३०००, म्हणजे सुमारे ३०० मिलिअँपिअर. टीएमआर पिन मोकळी ठेवली तर पाच तासांचा टायमर लागू होतो. ३०० मिलिअँपिअरने रिकामा सेल भरायला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून ती ग्राउंडला टेकवून टायमर बंद केला. टायमर गेल्यावर तापमानाची राखण अधिकच महत्त्वाची.

आणि खरी मजा तापमान बघणाऱ्या टीएस पिनमध्ये आहे. आयसी थर्मिस्टरमधून ७५ मायक्रोअँपिअर सोडतो, व्होल्टेज ०.३ च्या खाली गेलं की 'गरम', २.१ च्या वर गेलं की 'थंड'. नेहमीच्या १० किलोओहमच्या थर्मिस्टरला हे ० आणि ५० अंशांना पडतं. मला ४५ हवं होतं. ४५ अंशांना थर्मिस्टर ४.९ किलोओहमचा असतो. त्याला समांतर २२ किलोओहम लावले की जोडीचा रोध ४ किलोओहम, व्होल्टेज नेमकं ०.३. एका रेझिस्टरमध्ये काम झालं. यात थंडीची मर्यादा कायमची जाते, कारण जोडी २२ च्या वर जाऊच शकत नाही. पण देवगडात शून्य अंश कुणी बघितलेत?

यात एक खाच आहे, नक्कल करणाऱ्यांनी नीट वाचा. नुसता थर्मिस्टर असताना त्याची तार तुटली तर पिन वर जाते, आयसीला 'थंड' वाटतं आणि चार्जिंग थांबतं. समांतर रेझिस्टर लावल्यावर तार तुटली की पिनवर १.६५ व्होल्ट उरतात आणि आयसी खुशाल चार्ज करत राहतो. खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडायला एक पावसाळा पुरतो, म्हणून थर्मिस्टरला कनेक्टर नाहीच: थेट सोल्डर, वर कन्फॉर्मल कोटिंगचे (ओल अडवणाऱ्या लेपाचे) दोन हात, आणि मणी सेलच्या अंगाला कॅप्टॉन (उष्णता सोसणाऱ्या) टेपने चिकटवलेला. १०० किलोओहमचा थर्मिस्टर सुचवणाऱ्यांना: मिठाच्या ओलसर थरातून होणारी गळती एवढ्या मोठ्या रोधापुढे जाणवते, १० ला क्वचित.

पेटी पॅनेलखाली न टांगता गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) उत्तरेला, सावलीत चिऱ्यावर बसवतोय. पॅनेलची तार तेवढी लांब होईल, होऊ दे. केबल खालून आत. सेलला डीडब्ल्यू०१ या आयसीचं संरक्षण आहे, पण तो २.४ व्होल्टला तोडतो, फारच उशिरा, म्हणून ३.३ च्या खाली प्रोग्रॅमच संदेश पाठवणं बंद करतो.

घरातल्या पेटीचं सोपं. "लाईट गेली तरी ह्यां चालतलां मां?" हा आबांचा एकच प्रश्न, आणि पावसाळ्यात तो रास्तच. तिथे चांगला ५ व्होल्टचा अडॅप्टर आहे, सेल सावलीत आहे, त्यामुळे एमसीपी७३८३१ चालतो: २ किलोओहमला ५०० मिलिअँपिअर, पाच पायांचा, साध्या सोल्डरिंग आयर्नने बसणारा. मात्र या पेटीतल्या वायफायचा खर्च कायम शंभर मिलिअँपिअरच्या वर, म्हणून लोड थेट सेलवर टांगायचा नाही. चार्जरला तो करंट सेलचाच वाटतो आणि तो चार्जिंग बंद होण्याच्या पातळीपर्यंत उतरतच नाही. पी-चॅनेल मॉसफेट आणि शॉट्की डायोड लावून लोड वेगळा काढलाय. मायक्रोचिपच्या एएन११४९ या माहितीपत्रकात हीच आकृती आहे.

आता उरलं सड्यावरच्या पेटीतल्या थर्मिस्टरच्या तुटलेल्या तारेचं. टीएस पिन एटमेगाच्या एका एडीसीला (व्होल्टेज मोजणाऱ्या पिनला) जोडतोय. ऊन असताना २५ अंशांना तिथे अर्ध्या व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. दीडच्या वर दिसलं की तार गेली. मग सीई पिन वर ओढायची, चार्जिंग बंद, आणि पुढच्या संदेशात तसा एक बिट. जोडणी झाली आहे, कोड लिहायचाय. दर वेळी आउट पिनला पॅनेलकडून पुरवठा आहे की सेलकडून, हे आधी तपासावं लागेल, कारण रात्री टीएसवर काहीच नसतं आणि ते शून्य म्हणजे 'फार गरम' नव्हे. पॅनेलकडून पुरवठा आहे का ते सांगणारी पीगुड पिन त्यासाठीच वापरेन.