ताताचा तळहात

महिन्यातला शेवटचा शनिवार माझ्या क्लासात ऐकण्याचा वार असतो. त्या दिवशी स्टिक पिशवीतच राहतात. पोरं सतरंजीवर बसतात, मी एखादा ड्रमर निवडतो आणि दोन तास आम्ही त्यालाच ऐकतो, एकच तुकडा दहा-दहा वेळा. अकरा वर्षांत हा नेम मी एकदाच मोडला. सोलापुरात ड्रम शिकायला येणाऱ्या पोरानं ड्रमसेट पाहिलेला असतो तो गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात, नाहीतर मोबाइलवर. दोन्हीकडं त्याच्या डोळ्यांत भरतो तो वेग. कान मात्र कोरेच राहतात.

क्लास अशोक चौकाच्या आतल्या बाजूला, पहिल्या मजल्यावर. शेजारच्या शेडमध्ये टॉवेलचा कारखाना, सोळा माग. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावले, जाड पडदे लावले, तरी मागांचा खडखडाट चोवीस तास आत येतोच. सुरुवातीची कितीतरी वर्षं मला त्या आवाजाचा राग होता.

ही गोष्ट मे महिन्यातल्या शनिवारची. बाहेर ऊन रणरणत होतं. चौदा वर्षांचा एक विद्यार्थी त्या दिवशी आजोबांना बरोबर घेऊन आला होता. इथून त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं. हे पद्मशाली कुटुंब, घरात तेलुगू, त्यामुळं आजोबा म्हणजे ताता. सगळा क्लास त्यांना ताताच म्हणू लागला, मीसुद्धा. ताता पस्तीस वर्षं मागांवर जॉबर होते. जॉबर म्हणजे मागाचा मेकॅनिक. बंद पडलेला माग चालू करणारा, बिघडायच्या आत बिघाड ओळखणारा. "सर, ताताशी मोठ्यानं बोला, ऐकू कमी येतं," असं सांगून नातवानं त्यांना दाराजवळच्या खुर्चीत बसवलं.

आमच्या पोरांनी आवडीचे ड्रमर आपापसांत वाटून घेतले आहेत आणि त्यावरून कडाक्याची भांडणं होतात. इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलीचा देव म्हणजे लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडचा जॉन बॉनम. १९७१ साली निघालेल्या त्यांच्या चौथ्या अल्बममधल्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चा ड्रम हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात, जिन्याच्या पायथ्याशी मांडून वाजवला होता आणि दोन माइक वर जिन्यावरून खाली सोडले होते. हे कळल्यावर आम्ही घरमालकांना विचारून आमचाही सेट जिन्याखाली नेला होता. पहिला ठोका तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून परत खाली आला तेव्हा पोरांच्या अंगावर काटा आला. ड्रमरबरोबर जागाही वाजते, हे मला नंतर शिकवावं लागलं नाही.

पण बॉनम म्हणजे नुसती ताकद असं जेव्हा ती मुलगी म्हणते, तेव्हा मी तिला त्याच्या उजव्या पायाकडं वळवतो. १९६९च्या पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं घ्या. एकाच पेडलवर तो बास ड्रमचे जे जवळजवळचे दुहेरी ठोके काढतो, त्यांतला एक किंचित हलका असतो. तो हलका आहे म्हणूनच पुढचा जड लागतो.

माझा स्वतःचा जीव एल्विन जोन्सवर. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीत तो होता. ९ डिसेंबर १९६४ रोजी त्यांनी 'अ लव्ह सुप्रीम' रेकॉर्ड केलं, तेव्हा एल्विन सदतीस वर्षांचा होता. त्याच्या वादनात सम कुठं आली हे बोट ठेवून दाखवता येत नाही. स्नेअर म्हणजे पुढ्यातला खरखरीत आवाजाचा ड्रम, टॉम म्हणजे त्याच्या आजूबाजूचे जाड आवाजाचे. तीन-तीनचे ठोके स्नेअरवरून टॉमवर, टॉमवरून पायात असे गोल फिरत राहतात, आणि तरी बाकीचे तिघं त्यावर निर्धास्त उभे असतात. सिद्धेश्वराच्या यात्रेत हलगीवाला वाजवतो तेव्हा एका हातात जाड टिपरू असतं, दुसऱ्या हातात बारीक लवचिक काडी. टिपरू बोलतं ते सगळ्यांना ऐकू येतं. पण नाचणाऱ्याचे पाय उचलते ती काडी. एल्विन मला त्या काडीमुळं कळला.

त्या शनिवारचा ड्रमर होता क्लाइड स्टबलफिल्ड, अमेरिकन गायक जेम्स ब्राऊनच्या बँडमधला. मी त्याला मुद्दाम निवडला होता, आणि तेही ताताच्या नातवासाठी. पोरगा मेहनती, हात साफ, लय पक्की. पण प्रत्येक ठोका सारख्याच जोराचा. फंक शिकवायला घेतल्यापासून आम्ही अडकलो होतो. फंक म्हणजे ठेक्यावर चालणारं, नाचायला लावणारं अमेरिकन संगीत. फंकमध्ये स्नेअरचे दोन-चार मोठे ठोके असतात आणि त्यांच्या मधल्या जागेत डाव्या हातानं नुसती कातड्याला शिवून जाणारी बारीक टिकटिक. तिला घोस्ट नोट म्हणतात. स्टिक इंचभरसुद्धा उचलायची नसते. तीन आठवडे मी सांगत होतो, दाखवत होतो, त्याचं मनगट धरून बघितलं. पोरगा मान हलवायचा आणि पुन्हा सगळं एका मापानं बडवायचा.

मी 'फंकी ड्रमर' लावलं. २० नोव्हेंबर १९६९ला सिनसिनाटीत जेम्स ब्राऊनच्या बँडनं रेकॉर्ड केलेलं. गाणं लांबलचक आहे. साडेपाच मिनिटांच्या आसपास ब्राऊन ड्रमरला सांगतो की सोलो करू नकोस, जे चाललंय तेच धरून ठेव. मग बँड थांबतो आणि क्लाइड एकटा उरतो. उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन झांजांवर, सारखा चालू, दुसऱ्या-चौथ्या मात्रेला स्नेअर आणि मधे ती बारीक कुजबुज. काही सेकंदांचा हा तुकडा. पण पुढं हिप-हॉपवाल्यांनी तो उचलून हजारावर गाण्यांत लावला. पब्लिक एनिमीसारख्या बँडची गाणी त्याच्या पाठीवर उभी राहिली. क्लाइडचं नाव गीतकार-संगीतकार म्हणून नव्हतं, त्यामुळं त्या तुकड्याची रॉयल्टी त्याला मिळत नव्हती. २०१७ साली विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनमध्ये तो गेला.

पोरं चिडली. हे ऐकून दरवेळी चिडतात, आणि चिडावंच. मी पुढं सांगितलं, की हा माणूस टेनेसीतल्या चॅटानूगा गावात वाढला. क्लास वगैरे काही नाही, नोटेशन वाचता येत नव्हतं. गावातल्या कारखान्यांच्या यंत्रांचे आवाज आणि रुळांवरून जाणाऱ्या गाड्यांचे ठेके ऐकून तो शिकला, असं तो स्वतः सांगायचा.

ताताला यातलं किती ऐकू गेलं माहीत नाही. नातवानं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तेलुगूत काहीतरी सांगितलं. ताता उठले, स्पीकरच्या खोक्यापाशी आले आणि आपला उजवा तळहात त्यांनी खोक्यावर सपाट ठेवला. "परत लावा सर," म्हणाले.

लावलं. पुन्हा लावलं. चौथ्यांदा म्हणाले, "हे मधलं मधलं काय आहे? ठक, ठक मोठं आहे ते कळलं. मधे बारीक येलालंय, ते कोण वाजवतंय?"

मी नातवाकडं पाहिलं. तीन आठवडे मी जे त्याच्या कानात घालू शकलो नव्हतो, ते ताताच्या तळहाताला लागलं होतं.

मग त्यांनी सेटकडं बोट दाखवून विचारलं, "आणि हा उजवा हात काय करतो?" मी बसून नुसतं हाय-हॅट वाजवलं. ताता बघत राहिले. "हात हललालाय दिसतंय. आवाज नाही."

मला पुढं बोलवेना. मागांच्या शेडमध्ये आवाज नव्वद-पंचाण्णव डेसिबलच्या वर सहज जातो. असा आवाज वर्षानुवर्षं ऐकला की कान आधी उंच स्वर गमावतो, चार हजार हर्ट्झच्या आसपासचे. बोलणं पुसट होतं, झांजेचा आणि हाय-हॅटचा झणकार जातो. जाड, खालचे आवाज त्यामानानं टिकतात. ताताच्या काळात कानाला लावायला फार तर कापूस असायचा. ड्रमसेटचा आवाजही काही कमी घातक नसतो. मी स्वतः कितीतरी वर्षं उघड्या कानांनी वाजवलं. त्या शनिवारनंतर माझ्या क्लासात इअरप्लग लावल्याशिवाय सेटवर कुणी बसत नाही. पालकांनी कितीही हसण्यावारी नेलं तरी नाही.

ताता म्हणाले, "पोरांना खाली घेऊन चला. दाखवतो."

शेजारच्या कारखान्याच्या मालकानं ताताला पाहिलं आणि हातातलं काम टाकून तो पुढं आला. आम्ही नऊ जण शेडच्या दाराशी उभे राहिलो. भिंतीआडून ऐकणं वेगळं आणि आत उभं राहणं वेगळं; छातीचा पिंजरा हलत होता. कापसाचा तंतू हवेत, घामाला चिकटणारा. ताता खुणेनं सांगत होते आणि नातू आमच्या कानांत ओरडून मराठीत सांगत होता. धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारा लाकडी तुकडा, एका बाजूनं ठोकला जातो, उभ्या धाग्यांच्या मधून पलीकडं जातो, तिकडच्या पेटीत बसतो, फणी येऊन धागा ठोकून घट्ट करते, की लगेच परतीचा ठोका. मिनिटाला शंभरावर वेळा. आम्हाला त्यातलं काही वेगळं ऐकू येत नव्हतं, नुसता एक जाड गोंगाट.

ताता मागांच्या रांगेतून चालू लागले. प्रत्येक मागाच्या चौकटीवर तळहात ठेवायचा, दोन-तीन श्वास थांबायचं, पुढं जायचं. दुसऱ्या रांगेतल्या चौथ्या मागापाशी ते थांबले ते थांबलेच. मग त्यांनी नातवाचा हात ओढून पेटीच्या खाली टेकवला आणि त्यावर आपला हात दाबला. पोरगं आधी गोंधळलं. थोड्या वेळानं त्याचे डोळे बारीक झाले.

नंतर आम्ही एकेकानं हात लावून पाहिला. माझी पाळी आली तेव्हा मलाही लागलं. धोटा पेटीत बसल्याचा ठोका येत होता आणि त्याच्या मागोमाग, अगदी त्याच्या सावलीत, एक बारीक टिक. धोटा पेटीत नीट न थांबता आदळून किंचित मागं येत होता. पेटीतली त्याला धरणारी पट्टी सैल झाली होती. चांगल्या मागावर ती टिक नसते. मागावरच्या कामगारानं सांगितलं की सकाळपासून त्या मागावर आडवा धागा तुटत होता. मालकानं माग बंद केला. ताताला खाली बसता येत नव्हतं म्हणून त्यांनी उभ्यानंच सांगितलं, कामगारानं पाना फिरवला. माग चालू झाला. पुन्हा हात लावला. टिक गेली होती.

बाहेर ओट्यावर पाणी पिताना ताता मला म्हणाले, "मोठा आवाज तर मालकालापण येतो सर. जॉबरला पगार मधल्या आवाजाचा." मग जरा थांबून, "त्या माणसाला पैसे नाही मिळाले म्हणालाव ना? चादरीवर विणणाऱ्याचं नाव असतं का?" एवढं बोलून त्यांनी तोंड पुसलं आणि नातवाला डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ विचारली.

वेळ निघून गेली होती. फोन केला तर डॉक्टर सहानंतर भेटणार होते. म्हणून सगळे वर आलो, आणि त्या दिवसाचा नियम मी मोडला. नातवाला सेटवर बसवलं.

पहिल्यांदा त्यानं नेहमीसारखंच बडवलं. मग थांबला. डावा हात खाली आणला, इतका की स्टिक स्नेअरच्या कातड्यावर जवळजवळ पडून राहिली. काही वेळ नुसतं खरखरत राहिलं, ठोका उमटेना. मी काही बोललो नाही. साताठ मिनिटांनी दोन मोठ्या ठोक्यांच्या मधे ती टिक आली. मग निसटली. पुन्हा आली, आणि चार मात्रा टिकली. बॉनमवाल्या मुलीनं माझ्या दंडाला धरलं होतं. क्लाइडच्या जवळपासही नव्हतं ते. पण फंक होतं. ऐकणाऱ्याची मान आपोआप हलेल असं.

ताता फ्लोअर टॉमवर हात ठेवून उभे होते. पोरानं वाजवायचं थांबवल्यावर त्यांनी मला पुन्हा मूळ गाणं लावायला सांगितलं, तोच तुकडा. स्पीकरशी गेले, खोक्यावर तळहात ठेवला. पोरगा सेटवरून उठला, त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि त्यांचा मोकळा डावा हात त्यानं आपल्या हातात घेतला. क्लाइड एकटा उरला त्या क्षणी तो ताताच्या हाताच्या पाठीवर दोन बोटांनी हाय-हॅट वाजवू लागला. बारीक, सारखं, मात्रेला चार.

ताता डोळे मिटून उभे होते. तुकडा संपला आणि बँड परत आला, तेव्हा म्हणाले, "हां. हे पायजे होतं." मग म्हणाले, "परत."