साहित्य अकादमीच्या यादीत ‘कोसला’ नाही

मराठी कादंबऱ्यांची वाचनयादी करायला घेतली की पहिल्यांदा हात जातो तो पुरस्कारांच्या यादीकडे. ती हाताशी असू द्यावी, पण तिच्या भरवशावर राहू नये. साहित्य अकादमीचा पुरस्कार वर्षाला एका भाषेतल्या एकाच पुस्तकाला मिळतो आणि त्यात कविता, कथा, समीक्षा, आत्मचरित्र सगळंच येतं. भालचंद्र नेमाडे यांना तो १९९० साली मिळाला, तो ‘टीकास्वयंवर’ या समीक्षाग्रंथासाठी. त्यांची १९६३ची कादंबरी ‘कोसला’ त्या यादीत शोधून सापडणार नाही. व्यंकटेश माडगूळकरांचं नाव तिथे आहे, पण ‘सत्तांतर’साठी, त्यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी राहिलीच. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ तर १९३९ची, म्हणजे अकादमीच स्थापन व्हायच्या आधीची.

त्यापेक्षा एक धागा धरावा. धरणग्रस्तांचा विषय घ्या. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ आधी वाचली की पुनर्वसनाची कचेरी, जमिनीचं वाटप, मधले दलाल हे सगळं कळतं. मग कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ घ्यावी. तिथे गाव सोडलेला माणूस आणि मागे राहिलेली जनावरं आहेत. उलट क्रमाने वाचलं तरी चालतं, पण मोठा पट आधी डोळ्यांसमोर असला तर लहान कादंबरीतली शांतता जास्त बोलते. (या दोन्ही मात्र अकादमीच्या यादीत आहेत, म्हणून ती यादी फेकून देऊ नये.)

पुस्तक यादीत घेण्याआधी ग्रंथालयात त्याला अर्धा तास द्यावा. सुरुवातीची दहा पानं वाचायची, मग मधलंच कुठलंतरी संवादाचं पान उघडायचं. मलपृष्ठावरचा मजकूर विकण्यासाठी लिहिलेला असतो, त्यावर निर्णय नको. शीर्षकपानाच्या मागची बाजू मात्र जरूर बघावी. पहिली आवृत्ती कधीची, हाती आहे ते पुनर्मुद्रण की सुधारित आवृत्ती, कुठे ‘संक्षिप्त’ असा शब्द तर नाही? पुनर्मुद्रणाचं साल बघून साठ वर्षांपूर्वीची कादंबरी आजची समजली, तर तिची भाषा उगाच जुनाट वाटते. अनुवाद असेल तर तो मूळ भाषेतून झाला आहे की इंग्रजीवरून, हेही तिथे किंवा अनुवादकाच्या मनोगतात कळतं.

बोलीमुळे पुस्तक अर्ध्यात सुटण्याचं प्रमाण फार आहे. उद्धव शेळक्यांची ‘धग’ घ्या: तिच्यातले संवाद वऱ्हाडी आहेत. पुण्या-मुंबईच्या वाचकाने ती बातमीच्या वेगाने वाचली तर चौथ्या पानावर अडतो. पहिल्या वीसेक पानांतले संवाद मोठ्याने वाचावेत. शब्द अडला म्हणून थांबू नये, पेन्सिलीने खूण करून प्रकरण संपल्यावर विचारावं. कान एकदा बसला की नायिका कौतिकचं बोलणं थेट पोचतं, आणि प्रमाण मराठीत ते तसं येऊच शकलं नसतं. असं पुस्तक प्रवासातल्या तुकड्या-तुकड्यांच्या वाचनासाठी ठेवू नये.

यादी वर्षाला बाराची पुरे. त्यात जाडजूड तीनच, आणि प्रत्येक जाड पुस्तकानंतर एक लहान. ‘रणांगण’ दोन बैठकींत होते. चाळीस नावं लिहिली की आपण सोपी तेवढी उचलतो आणि नेमाडे यांच्या ‘हिंदू’सारखी जाड कादंबरी वर्षानुवर्षं मागे ढकलतो.

यादी पुरी झाली की फक्त लेखकांची नावं ओळीने वाचून काढा. बारापैकी अकरा पुरुष निघाले तर दोन काढून शांता गोखले यांची ‘रीटा वेलिणकर’ आणि कविता महाजन यांची ‘ब्र’ घाला. ‘ब्र’मध्ये ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या आदिवासी स्त्रिया आहेत; त्यामुळे ‘बनगरवाडी’नंतर ती वाचली तर गाव कोणाच्या डोळ्यांनी दिसतं, हे दोन्हींत ताडून बघता येतं. दुकानात न मिळणाऱ्या जुन्या आवृत्त्यांसाठी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय गाठावं. जाताना लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव आणि पहिल्या आवृत्तीचं साल कागदावर लिहून न्यावं.