गाव कुठलं तुझं?

मे महिना लागला की गावाकडून फोन सुरू होतात. "भाचा कतारला, दोह्याला येतोय, जरा लक्ष ठेवा." लक्ष ठेवतोच, पण येणाऱ्यानं आणि पाठवणाऱ्यानं काही गोष्टी आधीच जाणून घ्यायला हव्यात, म्हणून हे लिहितोय. इथे बांधकामाच्या साइटवर सेफ्टीचं काम करायला लागून मला नऊ वर्षं झाली.

मागच्या वर्षी मे अखेरची गोष्ट. सकाळचे साडेदहा. स्लॅबवर सळई बांधायचं काम चाललेलं. नांदेडकडचा एक पोरगा, येऊन सहाच दिवस झालेले, उकिडवा बसून हुकानं तार पिळत होता. जवळ गेलो तर तारेत सळईच नव्हती. नुसती हवेत पिळत होता. मी विचारलं, "काय रे, गाव कुठलं तुझं?" तर म्हणाला, "साहेब, बस आली का?"

फोरमन म्हणाला, "घाम गळतोय की त्याला! ऊन लागलेलं नाही."

इथेच माणसं फसतात. उन्हाळ्यात घरात कोंडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला उष्माघात झाला तर अंग बहुतेकदा कोरडं पडतं. अंगमेहनत करणारा मात्र घामानं निथळत असतानाही कोसळतो. म्हणून घामावर जाऊ नका, बोलण्यावर जा. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणं ही पहिली पायरी. सावलीत आडवं केलं, मीठ-साखर-लिंबाचं पाणी घोटघोट दिलं की सहसा उतरतं. पण माणूस बरळायला लागला, विनाकारण चिडला, झोकांड्या खायला लागला, त्याला झटके आले किंवा शुद्ध गेली, तर उष्णता मेंदूपर्यंत पोचलीय असंच धरा. अंग तेव्हा बहुधा ४० अंशांच्या वर असतं.

फोरमनला त्याला एसी गाडीत घालून क्लिनिकला न्यायचं होतं. मी जाऊ दिलं नाही. एकाला ९९९, म्हणजे इथला तातडीचा नंबर, लावायला सांगितलं, बाकीच्यांकडून सावलीत ताडपत्री आणवली. चौघांनी कडा उचलून तिची झोळी केली. पोराचे कपडे कापून त्याला आत निजवलं, डोकं मी वर धरलं, आणि प्यायच्या पाण्याचे कॅन आणि पेटीतला सगळा बर्फ त्याच्या अंगावर ओतला. एक जण हातानं पाणी सारखं ढवळत होता, कारण कातडीलगतचं पाणी लगेच कोमट होतं. बारा-तेरा मिनिटांनी त्याला हुडहुडी भरली आणि तो आईला हाका मारायला लागला. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही. अ‍ॅम्ब्युलन्स त्यानंतर आली.

आधी गार करायचं, मग हलवायचं. पहिल्या अर्ध्या तासात अंग उतरलं तर माणूस बहुतेक वाचतो. उशीर होईल तसा मेंदू, मूत्रपिंड, यकृत यांना मार बसत जातो. बर्फ नसला तर नळी लावा, बादल्या ओता, ओल्या अंगाला पंख्याचा वारा घाला. आपल्याकडे आधी कांदा हुंगवतात, त्यात वेळ जातो. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. पॅरासिटामॉलही नको, हा आजाराचा ताप नव्हे, त्या गोळीनं तो उतरत नाही. गावाकडे १०८ ला फोन करा, पण पाणी ओतायचं थांबू नका.

त्या दिवशी नियम मोडलेला नव्हता. कतारमध्ये २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावरचं काम बंद असतं. शिवाय डब्ल्यूबीजीटी, म्हणजे ऊन, दमटपणा आणि हवेचं तापमान एकत्र धरून यंत्र दाखवतं तो आकडा, ३२.१ च्या वर गेला की तारीख कुठलीही असो, काम थांबवायचं. हा आकडा साध्या तापमापकाचा नव्हे. त्या यंत्रात एक काळा गोळा असतो आणि एक ओली वात. ओल्या वातीला ७० टक्के वजन, गोळ्याला २० आणि साध्या पाऱ्याला फक्त १०. हवा दमट असली की वात गार होत नाही, तसाच आपला घामही सुकत नाही. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघातानं १४ माणसं दगावली, तिथे काही विदर्भातलं ४५ अंशांचं ऊन नव्हतं.

पोरगा बरळला तेव्हा आमच्या मीटरवर ३१ होतं. चूक वेगळीच होती. अंगाला उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, अंगातलं रक्ताचं पाणी वाढतं. म्हणून नवख्याला पहिल्या दिवशी २० टक्केच काम द्यायचं आणि रोज तेवढंच वाढवायचं. या पोराला दुसऱ्या दिवसापासून पूर्ण ड्यूटी लावली होती. त्या कागदावर सही माझी होती.

आता आमच्याकडे नवीन आलेल्याच्या हेल्मेटला दोन आठवडे हिरवी पट्टी असते. त्याला एकटं काम द्यायचं नाही, दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान असो नसो. येणाऱ्या पोरांनो, पहिल्या आठवड्यात कुणी "एवढ्यात दमलास?" म्हटलं तरी बसा, लाजू नका. बीपीच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून या.

नांदेडचा तो पोरगा तीन आठवड्यांनी कामावर आला. हिरव्या पट्टीवाल्यांकडे आता तोच बघतो. दर अर्ध्या तासानं स्लॅबवर त्याचा आवाज येतो, "काय रे, गाव कुठलं तुझं?"